अकरावा प्रश्न

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एका गच्चीवर चला. खरी गच्ची नको, मनातली पुरे. चार मजली इमारत समजा. गच्चीच्या मधोमध काळी टाकी आहे, तिचं झाकण थोडं वाकडं बसलेलं. झाकण उचलून आत डोकावलात तर पाण्यावर एक पोकळ गोळा तरंगताना दिसेल. त्याला फ्लोट म्हणतात. पाणी उतरलं की गोळा उतरतो आणि वायरीतून तळमजल्यावरच्या पंपाला निरोप जातो, चालू हो. पाणी चढलं की गोळा चढतो आणि निरोप जातो, पुरे, बंद हो. गोळ्याला डोळे नाहीत. टाकीतलं पाणी पंपाने चढवलंय की कोणी बाहेरून आणून ओतलंय, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त पातळी कळते.

आता या चित्रात आणखी एक नळी काढा. पंपाकडून वर जाणाऱ्या नळाला मध्येच एक फाटा आहे. तो इमारतीमागच्या रोपवाटिकेत जातो. पंप चालू असला तरच त्या फाट्याला पाणी. पंप बंद, की फाटा कोरडा.

काढलंत चित्र? छान. हे ज्याला समजलं त्याला माझी गोष्ट समजली. गोष्टीत मात्र असा एक माणूस आहे, ज्याने हे चित्र झोपेत काढून दाखवलं असतं, आणि नेमकं त्यालाच ते समजलं नाही.

हा माणूस पंप दुरुस्त करायचा. त्याची पुतणी त्याला पंपकाका म्हणायची, म्हणून सगळं गाव त्याला पंपकाका म्हणायचं. वय चौतीस. पुतणी बारा वर्षांची. तिचे आईबाबा दुसऱ्या पाळीला कामावर असत, त्यामुळे शाळा सुटली की ती काकाच्या दुकानात आणि संध्याकाळी काका-काकू-आजीबरोबर जेवायला. घरात तिला शंका म्हणत. तिची शंका कधी फिटायचीच नाही, म्हणून. आजी ते नाव कपाळाला आठ्या घालून घ्यायची, काका हसून घ्यायचा.

पंपकाकाची एक आवडती कहाणी होती. एका इमारतीच्या चिटणीसाने पंपाची वीज वाचवायची म्हणून रोज टँकर बोलावला आणि टाकी बाहेरून भरायला लावली. रहिवासी खूश. नळ सोडला की पाणी. चिटणीस मिशांना पीळ देत हिंडू लागला. महिन्याभराने माळी रडत आला. रोपवाटिकेतली पाचशे रोपं वाळून गेली होती. टाकी सदा भरलेली, म्हणून फ्लोट सदा वर, म्हणून पंप सदा बंद, म्हणून फाटा कोरडा. आणि पडून राहिलेला पंप गंजून असा बसला होता की काकाने हातोडी मारून तो सोडवला.

ही कहाणी काका पाहुण्यांना सांगायचा, गिऱ्हाइकांना सांगायचा, वाढदिवसाला आलेल्या पोरांना सांगायचा. शेवट ठरलेला. मांडीवर थाप मारून म्हणायचा, "टाकी भरलेली, पंप मेलेला! आणि तो गाढव मला विचारतो, पाणी तर येतंय, मग बिघडलं काय?"

शंकेला ती कहाणी पाठ होती. ही पाठ असलेली कहाणीच पुढे उपयोगी पडणार आहे.

गेलं वर्षभर काका दमत होता. दुपारी मोटरची तार गुंडाळता गुंडाळता तिथेच मान टाकायचा. पोट सुटलं होतं. काकूशी नीट बोलायचा नाही. शेजारच्या दुकानातले मित्र म्हणायचे, "काय रे, आता काठी आणून देऊ का?" ही माणसं मित्र कशी, हा प्रश्न मला आजही पडतो. माणूस आजारी दिसला की "डॉक्टरकडे जाऊन ये" एवढं म्हणायला तीन शब्द लागतात. यांनी वर्षभरात तीनशे टोमणे मारले, ते तीन शब्द काही बोलले नाहीत.

मग त्यातल्याच एकाने काकाला व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिथे एक केंद्र होतं. दारावर पाटी: पुरुषशक्ती संतुलन केंद्र. आत बसणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, सल्लागार. कशाचा, ते लिहिलेलं नव्हतं. अंगात पांढरा डगला. डगला मुलांनो कोणीही विकत घेऊ शकतो, न्हावीही घालतो, आणि न्हाव्याला निदान त्याचं काम येतं. भिंतीवर उघड्या अंगाच्या माणसांची चित्रं, तेल लावून चकचकीत केलेली, एकाच्याही चेहऱ्यावर विचाराचा मागमूस नाही.

सल्लागाराने काकाला एक कागद दिला. त्यावर दहा प्रश्न. दुपारी झोप येते का? पोटाचा घेर वाढला आहे का? लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते का? पूर्वीचा उत्साह राहिला नाही असं वाटतं का? असेच दहा. खाली ठळक अक्षरांत, "पाचपेक्षा जास्त उत्तरे 'हो' असल्यास त्वरित भेटा." काकाचे आठ निघाले. संध्याकाळी सहा वाजता त्याचं रक्त घेतलं, दोन दिवसांनी सांगितलं की पुरुष संप्रेरक कमी आहे.

संप्रेरक म्हणजे शरीराने रक्तातून पाठवलेली चिठ्ठी. हे जे पुरुष संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, त्याच्यामुळे मुलग्यांचा आवाज फुटतो, मिशी येते, स्नायू भरतात, मोठेपणी अंगात हुरूप राहतो. ते खरोखरच कमी पडलं तर माणूस खरोखरच दमतो, आणि त्यावर खरोखरचे उपचार आहेत. म्हणजे सल्लागार ज्या दुखण्याचं नाव घेत होता ते दुखणं खोटं नव्हतं. खोटा सल्लागार होता.

"काही नाही," तो काकाला म्हणाला, "शनिवारी अकरा वाजता या. एक इंजेक्शन. मग दर पंधरा दिवसांनी एक. टॉप-अप समजा."

निकाल ऐकायला काकू बरोबर गेली होती. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करायची, तिला कमी बोलायची सवय आणि बारीक बघायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल हवं, पण आधी वरची खोली बांधून होऊ दे, असं दोघांनी ठरवलं होतं. खोली नुकतीच बांधून झाली होती. भिंतींना फिका पिवळा रंगही दिला होता, मुलगा झाला मुलगी झाली तरी चालेल असा.

तिने विचारलं, "आणि मूल?"

सल्लागार हसला. "वहिनी, पुरुषाची ताकद वाढली की ते आपोआपच होतं. ताकद म्हणजे दुसरं काय असतं?"

काका लाजून हसला. काकू हसली नाही, पण गप्प बसली.

तो कागद घरी आला तो शंकेच्या हाती लागला. तिने पेन्सिल घेतली आणि आधी स्वतःचा भरला. नऊ. मग आजीचा, आजीला न विचारता. दहापैकी दहा. मग घरच्या बोक्याचा. दुपारी झोप येते का? हो. पोटाचा घेर? हो. चिडचिड? हो, शेपटीला हात लावला की. बोक्याला आठ गुण मिळाले, म्हणजे बरोबर काकाएवढे.

"काका," ती म्हणाली, "बोक्यालाही त्वरित भेटायला सांगितलंय."

"तुला हसू सुचतंय," काका म्हणाला, पण त्यालाही हसू आलं.

"हे टॉप-अप म्हणजे काय ओततात?"

"तेच गं, जे कमी आहे ते. टेस्टोस्टेरॉन."

"आणि ते शरीरात एरवी कुठे बनतं?"

काका उठून हात धुवायला गेला. आजी म्हणाली, "पुरे गं. मुलींनी असलं विचारू नये."

असलं म्हणजे कसलं, ते आजीने सांगितलं नाही. कोणीच सांगत नाही. शंकेच्या शास्त्राच्या पुस्तकात त्यावर अख्खा धडा होता, आकृतीसकट. शाळेत तो धडा आला तेव्हा गुरुजींनी खिडकीकडे बघत सांगितलं होतं, "हा घरी वाचा," आणि पुढचा, खडकांचा धडा घेतला होता. खडकांवर मात्र ते दोन आठवडे बोलले. माणूस ज्यामुळे जन्माला येतो ते घरी वाचायचं आणि दगड वर्गात शिकायचे. मी आयुष्यभर शिकवत आलो आहे, म्हणून सांगतो, शिकवायला लाजणाऱ्याने पगार घ्यायलाही लाजावं.

शंकेने तो धडा गुरुवारी दुकानात बसून वाचला. तुम्हीही ऐका, काही लाजायचं नाही. पुरुषाच्या शरीरात वृषण नावाच्या दोन ग्रंथी असतात. त्यांची कामं दोन. एक, टेस्टोस्टेरॉन बनवून रक्तात सोडायचं. दोन, शुक्राणू बनवायचे. शुक्राणू म्हणजे बाळ होण्यासाठी बाबांकडून लागणारा अर्धा भाग, डोळ्यांना न दिसणारा, शेपटीवाला. ही दोन्ही कामं वृषण आपल्या मनाने करत नाहीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती हुकूम सोडते तेव्हा करतात. आणि ती ग्रंथी हुकूम कधी सोडते? रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं की. चढलं की हुकूम थांबवते.

शंकेने ते वाक्य तीनदा वाचलं. मग पुस्तकातल्या आकृतीत, मेंदूखालच्या त्या वाटाण्याशेजारी, पेन्सिलीने लिहिलं: फ्लोट. वृषणांशेजारी लिहिलं: पंप. रक्तावर: टाकी. शुक्राणूंकडे जाणाऱ्या बाणावर तिची पेन्सिल थोडी थांबली. तिथे तिने लिहिलं: फाटा.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "काका, चिटणीसाची गोष्ट सांग ना."

काकाला कोण आनंद. त्याने टँकरपासून सुरुवात केली. चिटणीसाच्या मिशा आल्या, माळी आला. मांडीवर थाप मारायला हात वर गेला.

"टाकी भरलेली," शंका म्हणाली, "पंप मेलेला. मग तू शनिवारी टँकर का बोलावतोयस?"

"कसला टँकर?"

तिने ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवलं. काकाने वाचलं, काकूने त्याच्या खांद्यावरून वाचलं. आजीने पुस्तकाकडे बघितलं आणि ताबडतोब भिंतीकडे बघितलं.

"हा फ्लोट," शंका बोट ठेवत म्हणाली. "याला कळत नाही टेस्टोस्टेरॉन आतलं की बाहेरचं. तू बाहेरून ओतलंस की हा म्हणणार पुरे. मग हा पंप बंद. पंप बंद तर फाट्याचं काय होतं?"

काकाने आमटी वाढून घेतली.

"फाट्याचं काय होतं काका?"

"अगं, शरीर आणि पंप एक असतो का!" काका चिडला. चिडला म्हणजे त्याला उत्तर माहीत होतं. "एवढा मोठा माणूस बसलाय तिथे, त्याला कळत नसेल? पुस्तकात पाहून तू आता माझं शरीर दुरुस्त करणार? जेव!"

"नवऱ्याच्या ताकदीचा विषय जेवणावर," आजी म्हणाली. "काय घर झालंय!"

काकूने पुस्तक मिटलं नाही. तिने ते हळूच आपल्या ताटाकडे ओढून घेतलं आणि जेवण होईपर्यंत वाचत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी शंका आपल्याबरोबर येईल."

"ती कशाला?"

"मला नीट विचारता आलं नाही. तिला येतं."

शनिवारी अकराला तिघं केंद्रात. खालच्या व्यायामशाळेतून लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. बाकावर चार-पाच जण बाह्या वर करून बसलेले, दोघंतिघं तर पंचविशीचेही नसतील. काकाची बाही वर गेली. सल्लागाराने सुई काढली.

"एक शंका आहे," शंका म्हणाली.

"बोला छोट्या बाईसाहेब!" सल्लागाराने बाकावरच्यांकडे बघून डोळा मारला.

"या इंजेक्शनने शुक्राणूंचं काय होतं?"

बाकावर कोणीतरी खोकलं. सल्लागाराचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "बेटा, या मोठ्यांच्या गोष्टी असतात."

"माझं वय सोडा. उत्तर काय आहे?"

"अगं, काय होणार? वाढतात!"

"आणि वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन?"

"तेही वाढतं."

"आणि मेंदूतून येणारा हुकूम?"

"वाढतो!" सल्लागार आता बाकावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ताकद वाढली की सगळंच वाढतं!"

मुलांनो, त्या क्षणी काकाने मान वर केली. का, ते समजून घ्या. पंपाच्या धंद्यात एक गोष्ट शिकाऊ माणसालाही माहीत असते. पंप पाणी जितकं उंच चढवेल तितकं ते कमी येतं. जास्त पाणी हवं तर उंची सोडायची, उंची हवी तर पाणी सोडायचं. दोन्ही वाढत नाहीत. बाजारात नकली पंप विकणारे मात्र येतात, चकचकीत रंग दिलेले, आणि त्यांना विचारलं की उंची किती, पाणी किती, तर ते एकच सांगतात, साहेब, आपल्या पंपाचं सगळंच वाढतं. काकाने अशा किती जणांना दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं होतं.

शरीरशास्त्र त्याला पटलं नव्हतं. पुतणीचं त्याने ऐकलं नव्हतं, बायकोची गप्प राहण्याची तऱ्हा त्याला कळली नव्हती. पण हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

त्याने बाही खाली केली. बटण लावलं.

"काय झालं? घाबरलात?" सल्लागार म्हणाला.

"सगळंच वाढतं म्हणालात."

"हो, मग?"

"मग काही नाही," काका म्हणाला. "आमच्याकडे असे येतात."

आणि तो जिना उतरला. मागून बाकावरचे हसले. हसू दे. बाह्या त्यांच्याच वर होत्या.

सोमवारी ते सरकारी रुग्णालयात गेले. तिथे रांग होती, पंखा आवाज करत होता आणि आत बसलेली डॉक्टरीणबाई हसत नव्हती. काकाने केंद्राचा अहवाल पुढे ठेवला. तिने तो दोन बोटांनी उचलला.

"रक्त किती वाजता घेतलं?"

"संध्याकाळी सहाला."

"टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. तुम्ही ओहोटीला जाऊन समुद्र आटला म्हणताय." तिने अहवाल परत केला. "सकाळी आठला, दोन वेगवेगळ्या दिवशी. मग बोलू. मूल हवंय का तुम्हाला?"

काका आणि काकू एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. आणि तोही ओळख व्हायच्या आत.

"हवंय," काकू म्हणाली.

"मग शुक्राणूंची तपासणीही. ते इंजेक्शन घेतलंत का?"

"नाही."

"नशीब. घेतलं असतंत तर काही महिन्यांत शुक्राणू शून्यावरही आले असते. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने जातात, कधी दोन वर्षं. काहींचे येतच नाहीत. कोणाचे येणार नाहीत हे आधी सांगता येत नाही. कोणी थांबवलं तुम्हाला?"

"पुतणीने. शनिवारी बाही वर करून बसलो होतो, तेव्हा."

"काय करता तुम्ही?"

"पंप दुरुस्त करतो."

डॉक्टरीणबाईने शंकेकडे बघितलं. शंकेने पुस्तक उघडून आकृती दाखवली. फ्लोट, पंप, टाकी, फाटा. डॉक्टरीणबाईने ती नीट, पूर्ण बघितली. मग काकाला म्हणाली, "आणि तरी तुम्ही शनिवारी बाही वर केली होतीत."

काकाने बाहीचं बटण चाचपलं. हे त्याला लागायलाच हवं होतं.

दोन्ही सकाळच्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमीच निघालं. दुखणं खरं होतं. शुक्राणू थोडे कमी होते, पण होते. डॉक्टरीणबाईने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आता बाहेरून ओतायचं नाही. पंपाला जो हुकूम येतो त्याचाच जोर वाढवणारी औषधं असतात, ती सुरू करू, म्हणजे टाकीही भरेल आणि फाटाही चालेल, आणि दर काही महिन्यांनी तपासू. दुसरी, औषधांनी भागलं नाही आणि पुढे कधी इंजेक्शनं घ्यावीच लागली तर मुलाची वाट बंद होऊ नये म्हणून काही शुक्राणू आधीच गोठवून ठेवायचे.

घरी हे ऐकून आजी मटकन बसली. "गोठवून? फ्रीजमध्ये? भाजीच्या शेजारी?"

"भाजीच्या शेजारी नाही आजी," शंका म्हणाली. "उणे एकशे शहाण्णव अंशावर. तिथे भाजी टिकणार नाही, पण हे वर्षानुवर्षं टिकतात."

"चारचौघांत कळलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक गेलं वर्षभर म्हणतच होते," काकू म्हणाली. ती एवढं एकच वाक्य बोलली आणि आजी उठून आत गेली. लोक काय म्हणतील याची काळजी करणाऱ्यांनी एकदा लोकांचं खरोखर ऐकावं. लोक फार काही म्हणत नाहीत. तेच तेच म्हणतात.

काकाला प्रयोगशाळेत जायची लाज वाटत होती. एका बंद खोलीत जाऊन एका डबीत नमुना द्यायचा, एवढंच काम, पण तो दारापर्यंत जाऊन दोनदा परत आला. मित्रांसमोर ताकदीच्या गप्पा मारताना ज्याला लाज वाटली नाही, तो एका प्लास्टिकच्या डबीला घाबरला. तिसऱ्यांदा मात्र गेला. काकू बाहेर बसली होती, तिने विणकाम नाही, पुस्तक नाही, काहीच आणलं नव्हतं. नुसती बसली होती.

नंतर तिथल्या तंत्रज्ञ बाईने शंकेला लांबून ती टाकी दाखवली. पोलादी, कमरेएवढी. झाकण उचललं तसा पांढरा धूर बाहेर सांडला आणि जमिनीवर पसरला. आत चार बारीक नळ्या गेल्या, प्रत्येकीवर काकाचा क्रमांक.

"हिच्यात फ्लोट आहे का?" शंकेने विचारलं.

"आतला द्रव नायट्रोजन कमी झाला की घंटा वाजते," बाई म्हणाली. "मग आम्ही भरतो."

"बाहेरून?"

"बाहेरूनच."

"इथे चालतं," शंका काकाला म्हणाली. काका खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

चार महिने झाले. काका दुपारी जागा राहू लागला. पोट अजून होतं. तपासणीत टेस्टोस्टेरॉन वर आलं होतं, शुक्राणूही जागेवर होते. मूल झालं का? अजून नाही. पिवळ्या खोलीत सध्या बोका झोपतो. पण दोन्ही वाटा उघड्या आहेत, एक शरीरातली आणि एक त्या धुराच्या टाकीतली, आणि काकू आता संध्याकाळी त्या खोलीची खिडकी उघडी ठेवते.

मग एक दिवस काकाला पंपासाठी बोलावणं आलं, नेमकं व्यायामशाळेच्या इमारतीतून. तळमजल्याला पंप आणि गच्चीवर टाकी, अशीच ती इमारत. काका पंपाशी बसला. शंका दप्तर घेऊन जिन्याच्या पायरीवर. तिच्या शेजारी भिंतीला एक लाकडी कप्पा लावलेला होता आणि त्यात वरच्या केंद्राचे ते दहा प्रश्नांचे कागद, शंभरेक तरी. वर लिहिलेलं, "मोफत घ्या."

तिने एक घेतला आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत पुन्हा वाचला. दहाव्याच्या खाली दोन बोटं जागा कोरी होती.

तेवढ्यात जिना चढणारा एक माणूस थांबला. पंचविशीचा असेल. दमलेला दिसत होता, बोटात नवीकोरी अंगठी. त्याने कप्प्यातला कागद उचलला आणि खिशात पेन शोधू लागला.

"थांबा दादा," शंका म्हणाली. "तो अजून पुरा छापलेला नाही."

"म्हणजे?"

तिने त्याच्या हातातून कागद अलगद काढून घेतला, दप्तरातून शाईचं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि कोऱ्या जागेत, वर्गात फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "११. तुम्हाला पुढे मूल हवं आहे का? हो असेल तर वर जाऊ नका, आधी रुग्णालयात जा."

तो कागद तिने त्याला परत दिला. मग कप्प्यातला सगळा गठ्ठा मांडीवर घेतला आणि दुसरा कागद लिहायला घेतला.